बाद झालेल्याने कुठे बसायचं

शकु घाडीला कुणी काही फुकट दिलं की तिच्या डोक्यात पहिला प्रश्न यायचा, बदल्यात काय? देवळातल्या भटजीने प्रसाद पुढे केला तरी ती आधी त्याच्या तोंडाकडे बघायची आणि मग हात पसरायची. नाहूरच्या तिच्या चाळीत म्हणायचे, शकु स्वतःच्या सावलीलाही विचारते, तुला कुणी पाठवलं? लोक हसायचे. पण बिल्डरचा माणूस दारात गोड बोलत उभा राहिला की हेच लोक आधी शकुला हाक मारायचे.

हा संशय तिला बापाकडून आला होता. बाप गिरणीत साच्यावर, कापड विणायला. गिरणी बंद पडताना 'सही करा, पोराबाळांचं कल्याण होईल' असं सांगत खोलीखोलीतून जो फिरला तो मालकाचा माणूस नव्हता. युनियनचा होता, वर देवगडचा, म्हणजे गाववालाच. त्याचं स्वतःचं कल्याण झालं. बाकीचे लालबागमधून उठून मिळेल तिकडे पांगले. शकुचा बाप मरेपर्यंत एकच सांगत राहिला, की परक्याला काय घाबरायचं, तो समोरून येतो. आपला माणूस कुठे जाऊन बसलाय ते बघ.

शकु कबड्डी खेळायची. भांडुपच्या वाघजाई मंडळाचा डावा कोपरा तिचा. तिने घोटा धरला की चढाईला आलेली पोरगी मध्यरेषेकडे नुसते हात मारत पडायची. पुढे गुडघा गेला, खेळ सुटला, मैदान सुटेना. मग ती परीक्षा देऊन पंच झाली. आठवडाभर भांडुपच्या एका गाळ्यात खेळाडूंचे टी-शर्ट शिवायचे, पाठीवर नंबर चिकटवायचे, आणि रविवारी गळ्यात शिट्टी अडकवून कधी घाटकोपर, कधी बोरिवली.

पंच म्हणून तिचा एक नियम होता. सामन्यात वाघजाई मंडळ उतरलं की शिट्टी दुसऱ्याच्या हातात द्यायची. हे सगळेच पंच करतात. पण बाकीचे मैदानाच्या कडेला खुर्ची टाकतात आणि सरबत पीत सामना बघतात. शकु मैदानच सोडायची. दोन गल्ल्या पलीकडे जाऊन उभी राहायची, ओरडासुद्धा ऐकू येणार नाही अशा जागी. कारण तिने आयुष्यभर एक गोष्ट पाहिली होती. बाद झालेले खेळाडू कडेच्या चौकटीत बसतात, गप्प बसायचा नियम असतो, आणि तिथून कुणी खोकतो, कुणी टॉवेल झटकतो, कुणी गुडघ्यावर बोटं आपटतो. अर्धा सामना बाद झालेलेच खेळत असतात. खुर्चीवर बसलेला पंचही तसाच, नुसत्या भुवईने निकाल देतो. पोरं तिची टर उडवायची, की मावशी, एवढं लांब जायचं तर सरळ चेकनाका ओलांडा ना, ठाण्यात जाऊन उभ्या राहा. ती म्हणायची, जाईन.

आता ही बाई डॉक्टरांच्या कमिटीत कशी पोचली, ते ऐका.

मुलुंडला डोंगराच्या अंगाला एक मोठी संस्था आहे. खाली हॉस्पिटल, वर औषधांचं संशोधन. त्यांनी नाहूरच्या वस्तीत मधुमेहाचं शिबिर लावलं, तपासणी फुकट. फुकट म्हटल्यावर शकु तिथे हजर. तिने बघितलं तर प्रत्येकाच्या रक्ताच्या दोन नळ्या भरतायत. एक तपासणीची. दुसरी? सुई टोचणारी पोरगी म्हणाली, स्टडीसाठी, मॅडम. शकुने टेबलावर हात आपटला आणि शिबिर बंद पाडलं. रांगेतल्या एकेकाला विचारून, ज्याची मर्जी असेल त्याचीच दुसरी नळी घ्यायची, असं कबूल करून घेतलं तेव्हाच सुई पुढे सरकू दिली.

थोड्याच दिवसांत संस्थेतून फोन आला. माणसांवर औषधाची चाचणी करायची तर एक एथिक्स कमिटी लागते. चाचणीत कुणावर अन्याय होत नाही ना, हे तिने बघायचं. त्यात डॉक्टर आणि वकिलांबरोबर, डॉक्टरकीशी काडीचा संबंध नसलेला एक सामान्य माणूस कायद्याने असावाच लागतो. घाडीबाई, आपण याल का?

शकु काय समजायचं ते समजली. भुंकणारं कुत्रं गेटवर बांधलं की ते बाहेरच्यांवर भुंकतं, मालकावर नाही. तरी गेली. म्हणाली, कढईत काय शिजतंय ते अंगणात उभं राहून कळत नाही.

कमिटी दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी दुसऱ्या मजल्यावर बसायची. लांब टेबल, एका बाजूला पुरी काचेची भिंत, काचेपलीकडे पॅसेज आणि त्यात एक सोफा. अध्यक्ष मार्तंड ओगले, पार्ल्याचे, कॉलेजातून रिटायर झालेले प्राध्यापक. संस्थेचे नोकर नव्हेत. आवाज मऊ, माणूस सज्जन, पण कुणाला दुखवायचं म्हटलं की त्यांचा चष्मा धुरकटायचा आणि ते तो पुसत बसायचे. बैठक सुरू झाली की विचारायचे, आजच्या विषयांत कुणाचे काही हितसंबंध? सगळे शाळेतल्या हजेरीसारखे एका सुरात 'नाही सर' म्हणायचे. एकटे डॉक्टर केतन वखारिया उठायचे.

वखारियांनी मधुमेही माणसाच्या पायाच्या जखमेवर एक मलम काढलं होतं. त्याची चाचणी त्याच संस्थेत चालू, मुख्य डॉक्टर तेच, आणि मलम बाजारात आलं तर नफ्यात त्यांचा वाटा. हे त्यांनी लपवलं नव्हतं. उलट सगळ्यांना सांगितलं होतं. त्यावर संस्थेने तोडगा काढला होता, की रोग्याची संमती वखारिया घेणार नाहीत, दुसरा डॉक्टर घेईल. हा दुसरा डॉक्टर वखारियांच्याच हाताखालचा. त्याची बढती वखारियांच्या एका शब्दावर. ह्या व्यवस्थेला तिथे म्हणायचे, हितसंबंध मॅनेज केलेत. शकु मनात म्हणाली, आमच्याकडे ह्याच शब्दावर पंचाला घरी बसवतात.

तर मलमाचा विषय निघाला की वखारिया हसतमुखाने उठायचे, चहाचा कप घ्यायचे आणि बाहेर जायचे. बाकीचे मान डोलवायचे, काय हा सचोटीचा माणूस. आणि वखारिया बसायचे कुठे? काचेपलीकडच्या सोफ्यावर, टेबलाकडे तोंड करून.

शकुने पहिल्याच दिवशी ओळखलं. आत कुणी अवघड प्रश्न काढला की चार जणांची नजर काचेकडे. वखारिया घड्याळ बघायचे. लगेच कुणीतरी म्हणायचं, वेळ होतोय, पुढच्या वेळी घेऊ या का? ओगलेसर चष्मा पुसायचे. विषय पुढे.

एकदा तिने विचारलंच.

'सर, ते बाहेर आहेत की आत?'

'बाहेर आहेत ना, घाडीबाई. दिसतायत की.'

'दिसतायत. तेच म्हणते.'

टेबलाभोवती हशा पिकला. सामान्य माणूस गमतीशीर बोलतो, असं ठरलं. ती काय म्हणाली ते मात्र कुणी मनावर घेतलं नाही.

ह्या मलमाच्या चाचणीत शकुचा शेजारी धोंडिराम लोखंडे होता. साकीनाक्याला पत्रा ठोकायच्या प्रेसशॉपमध्ये आयुष्य घालवलेला गडी, मूळचा फलटणकडचा, बायको गेलेली, साखर वाढलेली, अंगठ्याखाली जखम. शकुने त्याला जा म्हटलं नव्हतं. पण चाळीत तो सांगत फिरला होता, शकु तिथे वर बसते, म्हणजे आपली फसवणूक होणार नाही. सुरुवातीला जखम सुकली, तो खूश. मग अंगठ्याची कड काळी पडायला लागली. हाताखालच्या डॉक्टरने त्याला सुनावलं, की तुम्ही चप्पल नीट घातली नाहीत, नियम पाळले नाहीत, आता येऊ नका, पालिकेच्या दवाखान्यात दाखवा. पालिकेत त्याला सांगितलं, बहुतेक अंगठा काढावा लागेल.

आणि कमिटीपुढे वखारियांचा माणूस उभा राहून काय म्हणाला? म्हणाला, काही रुग्ण स्वतःहून चाचणी सोडून गेले.

हा फरक शब्दांचा नाही. चाचणीमुळे इजा झाली तर पाय वाचवणं संस्थेच्या अंगावर, पुरे उपचार तिथेच. स्वतःहून सोडून गेला तर तो आणि त्याचं नशीब. शकु उठून उभी राहिली.

'सोडून गेले म्हणजे कुठे गेले, सर? त्यातला एक माझ्या भिंतीपलीकडे राहतो. तो गेला नाही. त्याला घालवलाय.'

ह्या वेळी कुणी हसलं नाही. काचेपलीकडे वखारियांनी कप खाली ठेवला. ओगलेसरांनी चष्मा पुसला, पण विषय पुढे ढकलला नाही, म्हणाले, पुढच्या महिन्याच्या बैठकीत डॉक्टरांनी ह्याचं उत्तर द्यावं. त्याच बैठकीत मलमाची चाचणी घाटकोपर आणि बोरिवलीला वाढवायची की नाही, हेही ठरायचं होतं. शकु जिना उतरली तेव्हा तिची मान ताठ होती. धोंडिरामला सांगितलं, पुढच्या वेळी बघ, मी आहे ना.

त्या महिन्यात दोन गोष्टी घडल्या.

एक, कमिटीत आणखी एक सामान्य माणूस नेमला गेला. नंदू प्रधान, मुलुंडच्या एका टॉवरचे सेक्रेटरी. शकुने विचारलं, दोन कशाला? कळलं की एखाद्या वेळी घाडीबाईंना जमलं नाही तर बैठक अडू नये. शकुचं आजवर कधी अडलं नव्हतं.

दुसरी गोष्ट घरात घडली. शकुची लेक ऋतिका बी.फार्म. होऊन अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत मुलाखती देत फिरत होती. एका संध्याकाळी ती पेढे घेऊन आली. अंधेरीच्या एका कंपनीत लागली. कंपनी हॉस्पिटलांना चाचण्यांसाठी माणसं पुरवते, रोग्यांना फोन करायचे, तारखा सांभाळायच्या, असं काम. शकुने पेढा तोंडात टाकला, पोरीच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

'आणि पोस्टिंग कुठे माहितीये? मुलुंड. तुझीच संस्था. डॉक्टर वखारियांचं मलम आहे ना, त्याच्यावर.'

पेढा तोंडात होता तो तसाच राहिला.

शकुने विचारलं, मुलाखतीत घरचं काही विचारलं का. ऋतिका म्हणाली, सगळ्यांनाच विचारतात. आई काय करते म्हणाले, तर टी-शर्ट शिवते म्हटलं, आणि कमिटीवर आहे म्हटलं. अभिमानाने सांगितलं, आई. मग शकुने विचारलं, हे कळल्यावर मुलुंड दिलं की आधीच ठरलं होतं? ते ऋतिकाला कुठून माहीत असणार. पण आईच्या तोंडाकडे बघून तिला काय ते कळलं, आणि तिचंही डोकं फिरलं. ती घाडीचीच पोर.

'तुला काय वाटतं, मला माझ्या मार्कांवर कुणी घेणारच नाही? मला मिळालं म्हणजे ते तुलाच दिलेलं असणार?'

'सोड ती नोकरी.'

'नाही सोडणार.'

'माका शिकव नको.' शकुला राग आला की मालवणी यायची, आणि मालवणी आली की समजायचं, बाईकडे उत्तर नाही.

थोड्या वेळाने ऋतिकाच जवळ येऊन बसली. समजुतीच्या सुरात म्हणाली, की अगं, कमिटीत कुणाला कळतंय? तिथे शंभर घाडी असतील. तू काही बोलू नको, मी काही बोलत नाही. सगळं नीट होईल.

शकुच्या अंगावर काटा आला. नोकरीची बातमी ऐकून आला नव्हता तो आता आला. हाच सूर घेऊन युनियनवाला खोलीखोलीतून फिरला होता. आपला माणूस कुठे जाऊन बसलाय ते बघ, म्हणायचा बाप. आपला माणूस तिच्या मांडीला मांडी लावून बसला होता आणि पेढ्याचा पुडा अजून उघडा होता.

पुढचे दिवस तिने टी-शर्टांवर नंबर उलटे चिकटवले. तिला दोन्हीकडून फास दिसत होता. गप्प बसून आत राहिली, तर धोंडिरामचा प्रश्न विचारता येईल, पण उद्या कुणीतरी उठून म्हणेल, बाईची लेक त्याच कामावर होती, बाईने लपवलं, बाईचा प्रश्नच खोटा. सांगून बाहेर गेली, तर तिच्या जागी नंदू प्रधान मान डोलवायला तयार. ज्याला विकत घेता येत नाही त्याला बाहेर बसवायचं. कुणी हा डाव टाकला असेल तर पठ्ठ्याने कोपरा बघून टाकला होता. आणि टाकला नसेल? नुसता योग असेल, पोरीला खरंच मार्कांवर नोकरी लागली असेल? तेही होऊ शकत होतं. त्याचंच तिला जास्त वाईट वाटत होतं, कारण तसं असेल तर पोरीच्या आयुष्यातला पहिला पेढा तिने नासवला होता.

ती धोंडिरामकडे गेली. तो दाराबाहेर उलट्या बादलीवर पाय ठेवून बसला होता. तिने सगळं सांगितलं, काही न लपवता.

 धोंडिराम म्हणाला, 'म्हणजे माझ्या पायाचा विषय निघाला की तू बाहेर.'

'नियम आहे.'

'कुणाचा?'

'माझा.'

'तू तिथे आहेस म्हणून मी पाय पुढे केला, शकु. आता तू जातेस, तर पाय कुणाच्या दारात ठेवू?'

ती म्हणणार होती, मी त्या प्रधानला सांगते, ओगलेसरांना फोन करून ठेवते. तोंड उघडलं आणि मिटलं. बाहेर जायच्या आधी आतल्याच्या कानात सांगायचं, म्हणजे चौकटीतून टॉवेल झटकायचाच की. मग वखारियात आणि तिच्यात फरक कपाचा तेवढा राहिला, त्यांचा चिनी मातीचा, तिचा स्टीलचा.

धोंडिराम तिच्याकडे बघतच होता. 'इतके दिवस माझ्या वतीने बोलतेस. कधी विचारलंस मला, धोंडिराम, तुला बोलायचंय का? मला काय तोंड नाही?' आणि त्याने पाय बादलीवरून खाली घेतला, काठी ओढली आणि आत निघून गेला. दार मात्र लावलं नाही.

ये, असं म्हणायला शकुची जीभ वळवळत होती. बैठक कधी ते त्याला सांगायची गरजही नव्हती. दुसऱ्या बुधवारी शकु इस्त्रीची साडी नेसते हे सबंध चाळीला माहीत. तरी ती काही बोलली नाही. उठवून पाठवलेला माणूस हा पाठवणाऱ्याचाच माणूस होतो. ती घरी आली.

बुधवारी ओगलेसरांनी नेहमीसारखं विचारलं, हितसंबंध? शकु सोडून बाकीच्यांनी नेहमीसारखं म्हटलं, नाही सर. मलमाचा विषय आला. वखारिया कप घेऊन उठले, बाहेर गेले, सोफ्यावर बसले. मग शकु उठली.

'माझी मुलगी ह्याच मलमाच्या कामावर नोकरीला लागलीय. मी बाहेर जाते.'

टेबलावर कागद सारखे केल्याचा आवाज झाला. ओगलेसर चांगुलपणाने म्हणाले, अहो, सांगितलंत हेच पुष्कळ झालं. मुलगी अगदी खालच्या जागेवर आहे. बसा तुम्ही, मत देऊ नका म्हणजे झालं. वकीलबाईही म्हणाल्या, बसा हो. नंदू प्रधानांनी तर खुर्ची धरली.

शकुला वाटलं, बसावं. एवढे लोक म्हणतायत. आणि मग नेहमीचा किडा वळवळला, हे सगळे एकदम मला बसायला का सांगतायत? तिने टेबलावरची पिशवी उचलली.

'मागच्या वेळचा माझा प्रश्न तुमच्याकडे आहे. तो माझा नाही, तुमचा आहे आता.' एवढं बोलायला नको होतं, असं बोलून झाल्यावर तिला वाटलं. ती बाहेर पडली.

वखारिया सोफ्यावर जरा सरकले, शेजारी जागा केली. म्हणाले, 'या ना, घाडीबाई. आज आपण दोघं एका बाकावर.' आणि चहाचा घोट घेऊन, 'तुमची ऋतिका हुशार आहे हं.'

पोरीचं कौतुक होतं की हिशेबाची आठवण, ते त्या आवाजावरून देवालाही सांगता आलं नसतं. शकु उभीच राहिली.

'सर, तुम्ही उठा इथून.'

'का? मी बाहेर आहे.'

'आमच्याकडे बाद झालेला इशारे करायला लागला ना, की पंच त्याला मैदानाबाहेर काढतो. ही काच आहे.'

वखारिया हसले. उठले नाहीत. शकुनेही थांबून दुसऱ्यांदा सांगितलं नाही, कारण तीही आता काचेतून दिसत होती, आणि आत चार जण त्यांच्याकडे बघत होते. ती पाठ फिरवून जिना उतरली, लॉबी ओलांडून गेटवर आली.

गेटसमोर रिक्षा उभी राहिली. आधी काठी बाहेर आली, मग पट्टी बांधलेला पाय. धोंडिरामने चपलेचा पुढचा भाग कापून टाकला होता. त्याने शकुला पाहिलं.

'कितव्या मजल्यावर?'

 दुसरा मजला, डावीकडे, काचेची खोली, ओगलेसरांना हात जोड, पट्टी सोडून दाखव, घाबरू नको. हे सगळं शकुच्या दातांमागे येऊन उभं राहिलं. तिने वॉचमनकडे बोट केलं.

'चंद्रप्रकाशला विचारा.'

धोंडिरामला आयुष्यात तिने कधी अहो-जाहो केलं नव्हतं. तो क्षणभर थबकला. मग त्याच्या लक्षात आलं, आणि तो वॉचमनकडे वळला. शकु रस्त्याला लागली. वळण घेतलं, आणखी एक वळण घेतलं, आणि जिथून इमारतीचा माथाही दिसत नव्हता अशा उसाच्या रसाच्या गाड्यापाशी जाऊन उभी राहिली. बैठकीत काय चाललंय ह्याचा विचार करायचा नाही, असं तिने ठरवलं. घोटाघोटाला तोच विचार केला.

बऱ्याच वेळाने धोंडिराम शोधत आला. बाकड्यावर बसला. तिच्या ग्लासातला उरलेला रस न विचारता प्यायला, साखरेचा आजार असून.

'ऐकलं त्यांनी?'

'ऐकलं. त्या चष्मेवाल्या सरांनी खुर्ची दिली. पाय ठेवायला दुसरी दिली. पट्टी सोडली तर वकीलबाईने नाकाला पदर लावला.'

'आणि तो?'

'काचेतून बघत होता. मी बोलायला लागलो की घड्याळ बघायचा. माझी जीभच अडखळली. मग सर म्हणाले, जरा पडदा ओढून घ्या.'

'कसला पडदा?'

'काचेला आहे ना. बाजूला सारून बांधून ठेवलेला.'

 त्या खोलीतल्या एकेका भुवईवर शकुने संशय घेतला होता. पडदा तिलाही दिसला नव्हता.

धोंडिरामने पुढचं सांगितलं. त्याचं नाव सोडून गेलेल्यांतून काढणार. पाय संस्थेबाहेरचा डॉक्टर तपासणार, आणि तोवर घाटकोपर-बोरिवलीचं काम थांबलेलं. अंगठ्याचं काय ते तो डॉक्टर ठरवेल.

'बाहेरचा म्हणजे कुठला? कुणाच्या ओळखीचा? नाव विचारलंस?'

'नाही विचारलं.'

'अरे, मग...'

'शकु,' धोंडिराम म्हणाला, 'तू बाहेर आहेस ना? मग बाहेर राहा. पुढच्या वेळी मी विचारीन. तारीख फोन करून कळवतो म्हणाले.'

दोघं रिक्षाने निघाली. नाहूरचा पूल उतरल्यावर शकुच्या डोक्यात उजेड पडला, फोन कोण करणार ते.

फोन दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आला. भिंत कसली, नुसता पत्रा. पलीकडे धोंडिरामचा मोबाईल वाजला, आणि त्याने उचलून म्हटलं, 'हां, बोल गं बाळा.' मग थोडं थांबून, 'कोण डॉक्टर म्हणालीस?'

शकु भाकऱ्या थापत होती. आयुष्यभर पत्र्याला कान लावलेली बाई. तिच्या लेकीच्या तोंडून त्या पत्र्यापलीकडे एक नाव उच्चारलं जात होतं, आणि ते कुणाच्या ओळखीचं आहे हे तिच्याइतकं चटकन ह्या वस्तीत कुणी हुडकून काढलं नसतं. तिने पिठाचे हात तसेच घेऊन ओट्यावरचा मिक्सर चालू केला, आणि पलीकडचं बोलणं संपेपर्यंत बटणावरचं बोट उचललं नाही.

मिक्सर रिकामाच होता.